माझी ट्यूब, सुकेशनीची डबी

१८ एप्रिल, दुपार. मुदत संपलेला माल बाजूला काढत होते. नांदेडात उन्हाळ्यात बारा ते चार दुकानात कुणी फिरकत नाही, तेव्हा हे काम उरकायचं. एकेक ट्यूब उलटी करायची, शेपटीवर दाबलेली तारीख बघायची, जुनी निघाली तर पेटीत टाकायची. उन्हापासून वाचवणाऱ्या रंगीत क्रीमचा खण घेतला होता. तेवढ्यात जाधव मॅडमची सून प्रणिता पायरी चढून आत आली. ओठ सुजलेले, कडा लाल, खालच्या ओठाला मधोमध चीर. तिचा तो चेहरा मी एकदा आधी पाहिला होता. तेव्हा मी जे केलं, ते मी त्या दुपारपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

नवऱ्याला नाही. बहिणीला नाही — तिला तर मी शेजारणींचीही सगळी गुपितं सांगते. देवापुढेही नाही, कारण देवापुढे मी दुसऱ्यांच्या तक्रारी घेऊन उभी राहते, स्वतःची न्यायची सवय नाही. तुम्हाला का सांगते? तुम्ही माझ्या दुकानात येत नाही म्हणून असेल. किंवा आता सांगून झालंच आहे, जिथं सांगायचं तिथं, म्हणून असेल. माझ्या हेतूंवर माझा फारसा विश्वास नाही. तुम्हीही ठेवू नका.

माझं लेडीज स्टोअर आहे. टिकल्या, बांगड्या, पिना, पावडरी, क्रीम, आणि संक्रांतीच्या आधी वाणाचा माल. लग्न होऊन आले तेव्हा सासरे चालवायचे, आता मी चालवते. पण कॉलनीत मला ओळखतात ते दुकानासाठी नाही. मला ओळखतात ती वाचणारी बाई म्हणून.

म्हणजे असं की, ट्यूबच्या पुढं काय छापलंय त्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. मागची बारीक अक्षरं वाचते. भिंग ठेवलंय गल्ल्यात. पुढं कोरफडीचं पान जितकं मोठं, तितकी आत कोरफड कमी, हे मी अनुभवानं सांगते. यादीत जे जास्त ते आधी लिहितात, जे नावापुरतं ते शेवटी. केशराची क्रीम म्हणून विकतात आणि केशर येतं सुगंधाच्याही मागून, म्हणजे डब्याला केशर दाखवून आणलं असावं. रंगीत सनस्क्रीन महागातली घ्या नाहीतर स्वस्तातली, चेहऱ्यावर जो गव्हाळ रंग येतो तो बहुतेक त्याच लोखंडाच्या ऑक्साइडचा. यादीत छापलेले रंगांचे क्रमांक तेच, लाल, पिवळा, काळा. फरक बाटलीचा. ओठांचं मात्र वेगळं. ओठाला लावलेलं पोटात जातं, म्हणून ओठाच्या ट्यूबवर मी दुप्पट संशय घेते. झिंक आहे का, की ऊन शोषून घेणारी रसायनं आहेत? सुगंध आहे का? रंग कुठला? एका बाजूला ही, एका बाजूला ती, अशा दोन ट्यूब ठेवून मी बायकांना समजावून सांगायची. बायका म्हणायच्या, ताई वाचून देतात. ताईनं दिलं म्हणजे निर्धास्त.

निर्धास्त. हा शब्द लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू.

सुकेशनी आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायची. माहेर नायगावकडचं, घरात शेती थोडकी, नवरा कंत्राटावर लिपिक, एक लहान मुलगी. बचत गटातून साबण-क्रीम बनवायचं शिकून आली होती आणि घरी ओठाचा रंगीत बाम बनवायची. मधमाशीचं मेण, खोबरेल, थोडं कोकमाचं तेल, झिंक ऑक्साइड, आणि लाल रंगाला सौंदर्यप्रसाधनात चालणारं लोखंडाचं ऑक्साइड. ते ती हैदराबादहून मागवायची. एवढीशी डबी. वर हातानं लिहिलेली चिठ्ठी, त्यात ही पाच नावं. ऊन किती अडवतं त्याचा आकडा तिनं कधी लिहिला नाही. मी एकदा विचारलं, लिही की तीस, कोण बघतंय. तर म्हणाली, ‘वहिनी, मला मोजता येत न्हाई. थोडं अडवतंय एवढं कळतंय. खोटं कशाला लिहू?’

मला ते आवडलं होतं तेव्हा. खरंच आवडलं होतं. माझ्या काउंटरवर तिच्या डब्या ठेवायला मीच सांगितलं. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल तर कळेल — फेब्रुवारीतच ओठ पापड होतात. डब्या खपायच्या. बनवलंय कुणी, असं कुणी विचारलं तर मी म्हणायची, आहे एक बाई, चांगलं करते. नाव सांगायची नाही. का सांगायची नाही? मालाचा पत्ता दुकानदार कधी सांगत नाही, असं मी स्वतःला सांगायची. पण दुसरंही एक कारण होतं आणि ते मला माहीत होतं. सुकेशनी बौद्ध घरातली. आमची कॉलनी — मी शहाणी असल्याचं दाखवत नाही, आमची कॉलनी कशी आहे ते सांगते — एकमेकींच्या मुलांना शाळेत सोडतात, डबे देतात-घेतात, आणि तरी काही घरांत काही घरचं खात नाहीत. कुणी बोलून दाखवत नाही. पोट बरं नाही म्हणतात, आत्ताच जेवले म्हणतात. मग ओठाला लावायची वस्तू? म्हणून मी नाव सांगायची नाही, माल खपत होता.

हे लक्षात ठेवा, कारण पुढं नाव सांगायची वेळ आली तेव्हा मी ते नेमकं कशासाठी सांगितलं, हे मला पुरतं ठाऊक होतं.

कोरोनाच्या आधीची शेवटची संक्रांत. जाधव मॅडम शाळेत शिकवायच्या, कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. घरात नवी सून आलेली, तिची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, मोठं हळदीकुंकू. एवढ्या बायकांना वाण म्हणजे मोठी खरेदी. मॅडमच्या घरचं वाण दरवर्षी माझ्याकडूनच जायचं. चाळण्या, डबे, रुमाल, एका वर्षी आरसे. मी त्या वर्षी त्यांच्यासाठी स्टीलच्या वाट्या बघून ठेवल्या होत्या. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, यंदा काहीतरी वेगळं. प्रणितानं सुचवलंय, ओठाच्या त्या डब्या. बाईचा नंबर द्या, थेट तिलाच सांगते, झाकणावर स्वतःचं नाव छापून देईल म्हणते ती.

कुणाला म्हणते? माझ्याच दुकानाच्या पायरीवर गाठ पडून प्रणिता आणि सुकेशनी परस्पर बोलल्या होत्या. सुकेशनीनं मला विचारलं नव्हतं.

एवढंच. हेच ते. माझ्या काउंटरवर उभी राहिलेली बाई माझं गिऱ्हाईक घेऊन गेली, असं मला वाटलं. नंबर मी दिला. वाट्या कुणाला तरी खपवल्या. हळदीकुंकवाला गेले, वाण घेतलं, डबी हातात घेऊन म्हटलं, छान झालंय हो. घरी आले आणि डबी टेबलावर ठेवली ती आठवडाभर तिथंच. झाकणावर छापलेलं होतं, ‘सुकेशनी’. आडनाव नाही. मला ते झाकण बघवत नव्हतं.

मग प्रणिताचे ओठ सुजले.

ती बँकेत होती, स्कूटरवर जायची. तिच्याकडे ओठाच्या दोन वस्तू होत्या. एक सुकेशनीची डबी, घरी लावायला. दुसरी माझ्याकडची ट्यूब, बाहेर जाताना लावायला, रंगीत, वर ऊन अडवण्याचा मोठा आकडा छापलेली. मॅडम दोन्ही एका पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही वाचता. यातलं काय बाधलं ते बघा बरं.’

मी भिंग काढलं. ट्यूबलाइटखाली दोन्ही धरलं. डबीवर पाच नावं, मला तोंडपाठ. ट्यूबवर वीस-बावीस. मधेच एक, बेन्झोफिनोन-तीन. ऊन शोषणारं रसायन. काहींना ते चालतं, काहींना लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं. ही माहिती मला कुठून? कारण त्याच ट्यूबची तक्रार मला आधी दोघींनी केली होती. एक नर्स, एक कॉलेजची मुलगी. तेच ओठ, तशीच चीर. दोघींनी सुकेशनीची डबी कधी पाहिलीही नव्हती. मी दोघींना ट्यूब बदलून दिली, आणि उरलेली तशीच विकत राहिले, कारण बाकीच्यांना काही होत नव्हतं.

म्हणजे पिशवी उघडली त्या मिनिटाला मला उत्तर माहीत होतं. संशय नव्हता, माहीत होतं. आयुष्यभर प्रत्येक ट्यूबवर संशय घेणारी मी — त्या एका वेळी संशय घ्यायला जागाच नव्हती.

मी काय म्हणाले? म्हणाले, सांगता येत नाही हो मॅडम, दोन्ही बंद करा. दोन्ही! किती हुशारीनं. दोन्ही बंद केल्यावर ओठ बरे होणारच, आणि कशानं बिघडले ते कधी कळणार नाही. आणि मग, मॅडम जात असताना, हळूच, काळजीच्या आवाजात — ‘कंपनीच्या ट्यूबला निदान तपासणी तरी असते. घरगुतीमध्ये कोण काय घालतंय, आपण थोडंच बघायला जातो?’

तुम्ही म्हणाल, यात खोटं काय? खोटं एकही वाक्य नाही. मी खोटं बोलताना खोटं बोलत नाही, हे माझं वैशिष्ट्य.

तिथंच थांबले असते तरी एक वेळ. पण चार दिवसांनी मॅडमच्या घरी बायका जमल्या, सुनेला बघायला. मीही गेले. विषय निघालाच. कुणीतरी विचारलं, पण झाकणावरची ही सुकेशनी कोण? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मला माहीत असणार. आणि मी नाव सांगितलं. आडनावासकट. मागच्या गल्लीतली, म्हणाले. बाकी एक शब्द काढला नाही. जातीचा शब्द तर नाहीच. नाव, आडनाव, गल्ली.

एकीनं हातातली बशी खाली ठेवली. मग एक बाई म्हणाली, ‘तरीच मला त्या डबीचा कसातरी वास यायचा.’ हीच बाई आठवड्यापूर्वी ओठ कसे मऊ पडले ते सांगत होती. दुसरी म्हणाली, मी तर लावलीच नव्हती. मॅडम उठून चहा आणायला गेल्या. मी खाली मान घालून चिवडा खात बसले. मला कळत होतं काय झालं ते. मी ज्या भांड्यात हात घातला होता ते माझ्या घरचं नव्हतं, सगळ्यांच्या घरचं होतं, आणि ते नेहमी भरलेलंच असतं. मला फक्त झाकण काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवरून सुकेशनीच्या डब्या काढल्या. गिऱ्हाईक दुकानात असताना काढल्या. आणि त्याच आठवड्यात, गिऱ्हाईक नसताना, त्या कंपनीच्या उरलेल्या सगळ्या ट्यूब पेटीत भरून एजन्सीला परत पाठवल्या. याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला कळतंय ना? मलाही कळत होतं.

अजून मी मुख्य गोष्ट सांगितलेली नाही. इतका वेळ तिच्याभोवती फिरतेय. दुकानात कुणी उधारीवर आली की ती आधी टिकल्या बघते, मग पिना बघते, मग शेवटी बोलते. तसं चाललंय माझं.

सुकेशनी माझ्याकडे आली.

भांडायला आली असेल, असं मला वाटलं. मी तयारीत होते. भांडायला मी कमी नाही. पण तिच्या हातात स्टीलचा डबा होता. काउंटरवर ठेवून तिनं उघडला. आत वेगवेगळ्या पुड्या. मेण, झिंक, रंग, तेलाची छोटी बाटली. बनवायच्या आधीचं सगळं सामान. तिनं ते माझ्यासमोर एकेक मांडलं. मॅडमच्या घरी जाऊन, हात जोडून, सुनेची माफी मागून आली होती. बायका डब्या परत तिच्या दारात ठेवून गेल्या होत्या. कुणी हातात दिल्या नव्हत्या, दारात ठेवल्या होत्या. हे ती रडत सांगत नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होती.

मग म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही समद्यांचं वाचून देताव. माझं वाचा. कुठं चुकलं ते सांगा, मी सुधारते.’

ती माझ्यावर संशय घ्यायला आली नव्हती. पूर्ण नांदेडात तिला विश्वासाचं एकच माणूस सापडलं होतं.

तेव्हा तरी — तेव्हा तरी काय अडलं होतं? दुकानात आम्ही दोघीच होतो. ‘तुझं काही चुकलेलं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. कंपनीचं नाव घेतलं नसतं तरी चाललं असतं. पण असं म्हणाले असते तर तिनं विचारलं असतं, मग कशानं झालं? आणि मग मॅडमना कळलं असतं, आणि कॉलनीला कळलं असतं, की ताई वाचून देतात आणि तरी विकतात. मी रंगाची पुडी उचलली. चिमटीत घेतली, उजेडात धरली, बोटांवर घासली. भिंगसुद्धा काढलं. नाटक पूर्ण केलं. आणि म्हणाले, ‘रंग हलका वाटतो गं. असल्या लाल रंगात शिसं असतं कधी कधी.’

तिनं सांगितलं, हैदराबादचं आहे, बिल आहे, सोबत चाचणीचा कागद आहे. मी म्हणाले, कागद काय, कुणीही देतं.

ती त्या पुडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, माझ्या लेकीलाबी रोज लावते मी.

आणि मी म्हणाले, ‘मग एकदा डॉक्टरला दाखवून घे.’

हे ते वाक्य. बाकीचं सगळं याच्या आजूबाजूचं. मॅडमना जे बोलले ते धंद्यासाठी बोलले असं म्हणता येईल, बायकांत नाव घेतलं ते चिडून घेतलं असं म्हणता येईल. पण हे वाक्य कशासाठी होतं? तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो पुरता बसावा म्हणून मी तिच्या लेकराचं नाव वापरलं. तिनं पुड्या भरल्या. झाकण दाबून लावलं. पायरी उतरताना म्हणाली, ‘बरं झालं वहिनी, तुम्ही सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.’

उन्हाळ्याच्या आधी ते लोक लातूरला गेले. नवऱ्याला तिकडं काम मिळालं होतं. मागं एकदा खरेदीला लातूरला गेले होते तेव्हा गोलाईजवळच्या एका साडीच्या दुकानात तिला पाहिलं. गादीवर बसून गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत होती. मी चप्पल काढायला वाकले होते, तशीच पुन्हा पायात घातली आणि दुसऱ्या दुकानात गेले.

आता परवाचं. प्रणिता आली ती हातात नवी ट्यूब घेऊन, चेहऱ्याला लावायचं रंगीत सनस्क्रीन. माझ्याकडचं नाही, ऑनलाइन मागवलेलं. मधली वर्षं ती कुठं कुठं बदलीवर होती, सनस्क्रीन लावत नव्हती, पहिल्या वेळेच्या भीतीनं. यंदा लावलं आणि पुन्हा तेच. चेहराही, ओठही. लातूरच्या त्वचेच्या डॉक्टरनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी केली होती. तिला बेन्झोफिनोन-तीन चालत नाही, असं निघालं. ट्यूबवर तिनं त्या नावाखाली पेनानं रेघ मारून आणली होती. डॉक्टर म्हणाले होते, याआधी झालं तेव्हा काय लावत होता, त्यात हेच होतं का, ते विचारून या.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘त्या बाईच्या डबीत काय होतं हो? तुम्ही पाहिली होती ना वाचून?’

मी पेटीत ट्यूब टाकत राहिले. म्हणाले, इतकी वर्षं झाली, काय आठवणार.

ती गेली नाही. काउंटरला टेकून उभी राहिली. म्हणाली, ‘पण घरी बनवणाऱ्या बाईला हे असलं मिळणार तरी कुठं? मला कळत नाहीये.’ आणि माझ्याकडे बघितलं. साधंच बघितलं असेल. पण मला वाटलं, हिला माहीत आहे. हिला तेव्हाच्या ट्यूबचं नाव आठवतंय, आणि मी काय बोलते ते बघायला आलीय. मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले, सुजलेल्या त्या चेहऱ्यावर, कुठं फसवणूक दिसते का. नाही दिसली. मी म्हणाले, खोबऱ्याचं तेल लाव, थंड पडेल. ती बरं म्हणून गेली.

दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी निदान मला राग होता. या वेळी काय होतं? राग नाही, नुकसान नाही, ती बाई नांदेडात नाही. फक्त सवय. संध्याकाळी दुकान बंद करताना मला माझीच शंका आली. मी आता सांगायला निघाले तर ते कशामुळे असेल? सुकेशनीसाठी, की प्रणिता आज ना उद्या जुळवणारच म्हणून? याचं उत्तर मला आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण उत्तराची वाट बघत बसले असते तर आणखी सहा वर्षं गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं लातूरला गेले. नवऱ्याला सांगितलं, माल बघायला जाते. तेही खोटंच, पण ते आता बाजूला ठेवू.

साडीचं ते दुकान नुकतंच उघडलं होतं. सुकेशनी गादीवर बसून साड्यांच्या घड्या नीट करत होती. केस पिकलेत. मला बघितलं आणि उठली, ‘या वहिनी, या की,’ म्हणाली, पाणी मागवायला लागली. मी म्हणाले, पाणी नको, आधी ऐक. आणि उभ्यानंच सांगितलं. ट्यूब माझ्या दुकानातली होती. तिच्यातलं रसायन बाधलं. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझा रंग चांगला होता, शिसं वगैरे काही नव्हतं, मी बनवून सांगितलं. मॅडमच्या घरी तुझं नाव मी घेतलं, आणि कशाला घेतलं ते मला माहीत होतं.

हातातल्या साडीची तिनं आधी घडी केली, नीट, काठाला काठ लावून. मग म्हणाली:

‘लेकीचं रक्त काढलं होतं मी. पुण्याला पाठवून तपासलं, शिसं निघतंय का म्हणून. काही निघालं न्हाई. मला वाटलं मशीन चुकली असंल. तुम्ही कशा चुकताल?’



दोन बायका पायरीशी चपला काढत होत्या. सुकेशनीनं त्यांना बसा म्हटलं, आणि माझ्याकडे वळली. ‘मी त्या घरी जाऊन हात जोडले होते,’ म्हणाली. ‘फोन लावा त्या सुनेला. इथूनच लावा. मोठ्या आवाजावर लावा.’

मी लावला. प्रणितानं उचलला. मी तिला सांगितलं, डॉक्टरला सांग, तेव्हाही हेच रसायन होतं, ते माझ्या ट्यूबमध्ये होतं, डबीत नव्हतं. मला तेव्हापासून माहीत आहे. गादीवरच्या दोन बायका साड्या सोडून ऐकत होत्या. प्रणिता एवढंच म्हणाली, ‘काल मी विचारलं तेव्हा पण?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘तेव्हा पण.’

मी फोन ठेवणार होते. सुकेशनी म्हणाली, ‘सासूला द्या म्हणा.’

मी सांगितलं. पलीकडं प्रणिता घरात चालत गेल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, कुकरच्या शिट्टीचा. सुकेशनी माझ्यासमोर उभी होती, हात मोकळे सोडून. मॅडम फोनवर आल्या, बोला ताई म्हणाल्या, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.